पेंढा एकदा उन्हात पसरला की झालं की! मग शेतकरी तो पुन्हा पुन्हा उलटतात कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून शिरगावला प्रतिशिर्डीच्या साईमंदिरात गेला असाल, तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असणार. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की नव्या बिल्डिंगांच्या मधेमधे अजून भाताची खाचरं टिकून आहेत. कापणी-झोडणी झालेली असते आणि खाचरात सोनेरी पेंढा पसरलेला असतो. उन्हात तो इतका भारी दिसतो की गाडी थांबवून फोटो काढल्याशिवाय पुढं जाववत नाही.

मीही तेच करत होते. माझं आजोळ याच पवन मावळातलं. रीलसाठी चांगला अँगल मिळावा म्हणून मी पसरलेल्या पेंढ्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले, तर बांधावरून मामी ओरडली, "अगं उतर तिथून, दबतोय ना पेंढा!"

मला कळेना. वाळकं गवत ते, दबलं तर असं काय बिघडणार होतं? पण मामी काठी घेऊन आली आणि सकाळीच पसरलेला तो पेंढा पुन्हा उलटायला लागली. खालचा वर, वरचा खाली. दुपारी परत तेच, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी हातात मूठभर पेंढा घेऊन पिळून बघितला आणि म्हणाली, आता रचा.

त्या दोन दिवसांत नेमकं काय चाललं होतं, हे मला नंतर वाचून आणि विचारून कळलं. ते तुम्हालाही सांगते, कारण यात थोडं विज्ञान आहे, थोडा जुगार आहे आणि चुकलं तर चक्क आग आहे.

आधी हिशोब पाण्याचा

डोंगरउतारावरचं उभं हिरवं गवत घ्या. कापलं त्या क्षणी त्याच्या वजनात साधारण ७५ टक्के पाणी असतं. म्हणजे एक हजार किलो गवत कापलं, तर त्यात खरा चारा अडीचशे किलोच, बाकी पाणी. हे गवत वर्षभर टिकवायचं असेल तर त्यातलं पाणी १५ टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. आकडेमोड केली तर हजार किलोचे उरतात साधारण २९५ किलो. थोडक्यात, सातशे लिटरहून जास्त पाणी हवेत उडवायचं आहे, तेही पंखा नाही, हीटर नाही, फक्त ऊन आणि वाऱ्यावर.

आता गंमत बघा. हेच गवत घाईघाईत २५ टक्के ओलं असताना बांधलं, तर वजन भरतं साधारण ३३३ किलो. फरक फक्त चाळीसेक लिटरचा. सातशे लिटर उडवले, शेवटचे चाळीस राहिले. चांगला चारा आणि बुरशीचा ढीग यांच्यातलं अंतर तेवढंच.

भाताच्या पेंढ्याचं गणित थोडं वेगळं. भात पिकूनच कापतात, त्यामुळे पेंढ्यात हिरव्या गवताएवढं पाणी नसतं. पण वरून पिवळा दिसला म्हणून तो आतून कोरडा असतो असं मुळीच नाही. बुंध्याकडचा भाग आणि पेरं बराच काळ ओलीच राहतात.

कापलेलं गवत लगेच मरत नाही

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट ही. गवत कापलं तरी त्याच्या पेशी काही तास, कधीकधी त्याहून जास्त काळ जिवंत असतात. त्या श्वसन करत राहतात. मुळापासून तुटल्यामुळे नवीन काही मिळत नाही, मग साठवलेली साखरच वापरतात. ही साखर म्हणजे गाई-म्हशींच्या वाट्याची ताकद. गवतातलं पाणी ४० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत ही गळती चालू राहते. म्हणून पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे.

पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात, शाळेत आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणायचो. उजेड असेपर्यंत ती उघडी राहतात आणि पाणी भराभर बाहेर जातं. गवत कापून जाड ढिगात तसंच टाकलं, तर खालच्या थराला उजेडच मिळत नाही. तिथली रंध्रं मिटतात आणि पाणी आत अडकतं. वरचा थर दुपारपर्यंत कुरकुरीत, खालचा ओलागच्च. त्यात वाफ कोंडलेली. माझ्यासारखं कुणी वर उभं राहिलं तर हवा फिरायला उरलेली फटही गेली. मामीचं ओरडणं आलं ना आता लक्षात?

उलटायचं कारण एवढंच. खालचा ओला थर उन्हाला द्यायचा, दबलेलं मोकळं करायचं, मधून वारा खेळवायचा.

पण पहिला टप्पा संपला की काम अवघड होत जातं. पानं लवकर वाळतात, काड्या मागे राहतात. काडीवर मेणचट कातडं असतं, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं. परदेशात कापणीच्या यंत्रालाच रुळ असतात, ते काडी जाता जाता चेंगरतात म्हणजे पाणी लवकर सुटतं. आपल्याकडे भात झोडताना पेंढ्याची काडी थोडीफार पिचते, तोच काय तो फायदा. शेवटचं दहा-पंधरा टक्के पाणी मात्र पूर्णपणे हवेच्या मर्जीवर असतं. हवा दमट असेल तर कितीही उलटा, पाणी जाणार नाही. उलट रात्री वाळलेलं गवत हवेतलं पाणी परत ओढून घेतं.

मावळात हे जास्त कठीण का?

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतला पट्टा. इथं मातीतली ओल लवकर हटत नाही. पाऊस गेल्यावरही पवनेच्या काठाला सकाळी धुकं असतं आणि दहिवर इतकं पडतं की बांधावरून चालताना पायातली चप्पल भिजते. त्यामुळे वाळवणीचा दिवस सुरूच होतो दहा-अकराच्या पुढं, आणि पाच वाजता ऊन कलतं. दिवसातले सहा तास हातात, त्यातच काय ते करायचं.

म्हणूनच बऱ्याच ठिकाणी अर्धवट वाळलेला चारा संध्याकाळी ओढून छोट्या ढिगांत किंवा ओळीत गोळा करतात आणि सकाळी दहिवर उतरलं की पुन्हा पसरतात. दुप्पट काम वाटतं, पण पसरलेल्या चाऱ्याचा सगळा पृष्ठभाग दव पितो आणि ढिगाचा फक्त वरचा. साधी युक्ती आहे.

त्यात भाताची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती मला कुणी सांगेपर्यंत माहीत नव्हती. भात कापल्यावर दोन-तीन दिवस खाचरातच पसरून ठेवतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात आणि झोडतात. म्हणजे या दोन-तीन दिवसांत दाणा आणि पेंढा एकत्र वाळत असतात. पण दोघांची गरज वेगळी! पेंढ्याला जास्त ऊन हवं. दाण्याला मात्र कडक ऊन, मग रात्रीचं दव, पुन्हा कडक ऊन असं चक्र सोसत नाही. त्याला आतून बारीक तडे जातात आणि गिरणीत गेल्यावर अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते. आता मावळची ओळख म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार केला, १९८७ साली तो प्रसारित झाला. इंद्रायणीच्या कणीला अख्ख्या तांदळाचा भाव कोण देणार? त्यामुळे शेतकरी दाण्याकडे बघून भात लवकर उचलतो, झोडतो आणि अर्धवट वाळलेला पेंढा नंतर वेगळा पसरून, उलटून वाळवतो. मामी करत होती ते हे दुसरं काम.

आणि मग परतीचा पाऊस. मान्सून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुणे-मुंबई सोडतो असं कागदावर. पण २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं, तेव्हा ऐन दिवाळीत पाऊस झाला आणि राज्यभर काढणीला आलेली, कापून ठेवलेली पिकं भिजली. अशा वेळी बातम्यांमध्ये दाण्याचं नुकसान येतं. पेंढ्याचं कुणी बोलत नाही. एका म्हशीला रोज पाच किलो सुका चारा धरला, तरी दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या दोनशे दिवसांना हजार किलो लागतो. तो भिजून गेला की विकत घ्यायचा. ज्यांच्या दारात दोन म्हशी आहेत त्यांच्यासाठी हा खर्च चेष्टेचा नाही.

आणखी एक उलटी गोष्ट सांगते. तुम्हाला वाटेल, ताज्या कापलेल्या गवतावर पाऊस पडला तर जास्त वाईट. तर नाही. ताज्या गवताच्या पेशी अजून शाबूत असतात, पाणी बरंचसं वरून ओघळून जातं. जवळजवळ वाळलेल्या चाऱ्यावर पाऊस पडला तर तो चहाच्या पुडीसारखा वागतो. उरलीसुरली साखर आणि खनिजं धुऊन बाहेर. वर पुन्हा सगळं पहिल्यापासून वाळवायचं.

मग जास्तच वाळवलं तर?

तेही चालत नाही. प्रत्येक वेळी उलटताना वाळकी पानं तुटून मातीत पडतात, आणि चाऱ्यातलं पौष्टिक ते बरंचसं पानातच असतं. लसूणघासासारख्या पिकात हे फार जाणवतं. दुपारच्या कडक उन्हात तो उलटला तर हातात नुसत्या काड्या राहतात. म्हणून असा चारा सकाळी, पानं दवानं जराशी मऊ असताना हलक्या हातानं उलटतात. शिवाय ऊन लागेल तसा हिरवा रंग उडतो आणि त्याच्याबरोबर कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून जनावराच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं ते.

म्हणून चांगलं वाळलेलं गवत करड्या-पांढऱ्या रंगाचं नसतं. त्यात थोडी हिरवट झाक आणि वास हवा. डोंगरावरच्या गवतांचं, म्हणजे मारवेल, पवन्या वगैरेंचं, कापायचं वेळापत्रकही यातच येतं. फुलोऱ्याच्या सुमारास कापलं तर चारा चांगला. उशीर केला तर फक्त काडी. आणि कुसळी गवताला कुसळं धरली की ती जनावरांच्या तोंडात टोचतात. पण फुलोऱ्याच्या वेळी पाऊस असतो! चांगलं गवत असतं तेव्हा ऊन नाही, ऊन येतं तेव्हा गवत जून. हा पेच मावळातल्या प्रत्येक माळमालकाला दरवर्षी सोडवावा लागतो.

ओला चारा बांधला तर आग कशी लागते?

ओलं गवत पेटतं, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं. पण होतं असं.

चाऱ्यात २० टक्क्यांहून जास्त ओल राहिली की बुरशी आणि जिवाणू जोमात येतात. ते चारा खातात आणि खाताना उष्णता सोडतात. मोकळ्या चाऱ्यात ही उष्णता निघून जाते. घट्ट बांधलेल्या गाठीत किंवा मोठ्या गंजीच्या पोटात ती अडकते. चारा स्वतःच रजईसारखं काम करतो. तापमान ५५ अंशांवर गेलं की लक्ष ठेवायचं. ६५ म्हणजे धोका सुरू. सत्तरीच्या आसपास जिवाणूही मरतात, पण तोवर रासायनिक क्रिया सुरू झालेल्या असतात आणि त्यांना जिवाणूंची गरज नसते. उष्णता वाढत जाते. ८० अंशांच्या पुढं आत निखाऱ्यासारखे भाग तयार होऊ शकतात, आणि बाहेरची हवा मिळाली की भडका. हे बांधल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत होऊ शकतं, म्हणजे आपण विसरून गेल्यावर.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे गंज्या पेटतात त्यातल्या बऱ्याच आगी बाहेरूनच लागतात: वरून गेलेल्या तारांची ठिणगी, कुणीतरी फेकलेली विडी, डोंगरावरून उतरलेला वणवा. प्रत्येक गंज आपोआप पेटली असं समजू नका. पण ओल्या गाठींची थप्पी शेडमध्ये लावली तर आपोआप पेटणं ही अफवा नाही, जगभर नोंदलेली गोष्ट आहे.

ओळखायचं कसं? गंजीतून तंबाखूसारखा किंवा जळक्या साखरेसारखा वास यायला लागला, सकाळी वाफ दिसली, तर आत तापलंय. लोखंडी सळई आत खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर प्रकरण गंभीर आहे. अशा वेळी गंज उपसायला सुरुवात करू नका आणि वर तर अजिबात चढू नका. आत पोकळी झालेली असू शकते आणि उपसल्यावर आत हवा शिरते. आधी अग्निशमन दलाला बोलवा, पाणी जवळ ठेवा, मग उघडा.

आग लागलीच नाही तरी नुकसान होतंच. तापून तपकिरी झालेला चारा जनावरं आवडीनं खातात, त्याला गोडसर वास असतो ना. पण त्यातली प्रथिनं उष्णतेनं अशी बांधली जातात की पचत नाहीत. पोट भरतं, दूध वाढत नाही. बुरशी लागलेला चारा त्याहून वाईट. बुरशी धरलेल्या भाताच्या पेंढ्याशी म्हशींचा देगनाला नावाचा आजार जोडला जातो. त्यात शेपटी, कान आणि खुरांकडचा भाग सडतो. उत्तर भारतातल्या भात-पट्ट्यात तो ओळखीचा आहे. आणि माणसालाही सुट्टी नाही. बुरशीच्या चाऱ्याची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की फुफ्फुसांचा एक आजार होतो, त्याला इंग्रजीत शेतकऱ्याच्याच नावानं ओळखतात: फार्मर्स लंग. पेंढा उपसताना तोंडाला फडकं बांधणारी आजी उगाच बांधत नव्हती.

गाठी कुठं बांधतात?

शिरगावच्या आसपास अजून बहुतेक काम हातानंच होतं. पेंढ्या बांधायच्या आणि रचायच्या, त्या रचलेल्या ढिगाला कुणी उडवी म्हणतं, कुणी गंज. हाताची पेंढी सैल असते, थोडी ओल राहिली तरी वारा लागून निघून जाते. गाठीचं तसं नाही.

गाठींचा मोठा धंदा बघायचा तर पालघर-वाड्याकडे जायला हवं. तिथं त्याला गवत-पावळीचा व्यवसाय म्हणतात. शेतकरी वाळवलेलं गवत वखारीत घालतो, वखारीत ते दाबून गाठी करतात आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. मुंबईची ही भूक जुनी आहे. १८७४ ते १९०५ या काळात तर या शहरात घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आज आपण पेट्रोलच्या दराची चर्चा करतो, तेव्हा तो मान वैरणीला असणार.

आता ट्रॅक्टरला जोडायचा बेलर आलाय. पुढच्या दात्यांनी तो जमिनीवरची ओळ उचलतो, आत दाबतो आणि सुतळीनं बांधून पंधरा-वीस किलोची चौकोनी गाठ मागे सोडतो. काही यंत्रं चटईसारखी गुंडाळी करतात. हार्वेस्टरनं भात काढलं की पेंढा विस्कटून पडतो, तो हातानं गोळा करणं जिवावर येतं, तिथं बेलर वरदान आहे. मावळातल्या लहान-लहान, पायऱ्यांसारख्या खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळवायचा कुठं, हा प्रश्न वेगळा.

पण बेलरनं उलटण्याचं काम वाचवलेलं नाही, उलट जास्त काटेकोर केलंय. गाठ जितकी घट्ट आणि मोठी, तितका चारा कोरडा हवा. छोट्या गाठीला १८ ते २० टक्के ओल चालून जाते, मोठ्या घट्ट गाठीला १६ च्या खालीच हवी. भाड्याचं यंत्र दारात आलंय, चालक घाई करतोय, आभाळ भरून येतंय, अशा वेळी शेतकरी "चालतंय की" म्हणून बांधून टाकतो. ते चाळीस लिटर आत राहतात ते असेच.

ओल मोजायला खुपसायचे मीटर मिळतात. ते नसेल तर दोन उपाय. मूठभर चारा पिळा: काड्या कडकड मोडल्या तर ठीक, नुसत्या वळल्या तर अजून एक दिवस. किंवा काडीचं पेर नखानं खरवडा, साल सुटली तर आत ओल आहे. घरी मायक्रोवेव्ह असेल तर १०० ग्रॅम चारा बारीक कापून, शेजारी पाण्याचा कप ठेवून, थोडा थोडा वेळ तापवत वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत मोजा. ८२ ग्रॅम उरला तर ओल होती १८ टक्के. फक्त मायक्रोवेव्हजवळून हलू नका, आणि हे सासूबाई घरी नसताना करा.

आणि ऊनच नसेल तर? नॉर्वेसारख्या पावसाळी देशात शेतकरी शेतात तारांच्या कुंपणासारख्या रांगा उभ्या करून त्यांवर गवत टांगायचे, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही आणि पाणी निथळतं. आपल्याकडचा सोपा पर्याय मुरघास. हिरवा चारा कुट्टी करून, ६५-७० टक्के ओल असतानाच, हवा न शिरेल असा पिशवीत दाबून भरायचा. वाळवायची भानगडच नाही. मका असेल तर हे उत्तम जमतं. भाताच्या पेंढ्यात मात्र साखरच फारशी नसते, त्यामुळे त्याचा नुसता मुरघास नीट होत नाही. त्याला वाळवणंच आलं. पुढं खाऊ घालायच्या आधी शंभर किलो सुक्या पेंढ्यावर चार किलो युरिया साधारण पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे झाकून ठेवतात, म्हणजे तो जरा पचायला सोपा आणि पौष्टिक होतो. हे मात्र पशुवैद्यकाला विचारूनच करा, युरियाचं प्रमाण चुकलं तर जनावर जातं.

त्या दिवशी मामीनं पेंढा पिळून बघितल्यावर संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून उडवी रचली. खाली दगड आणि लाकडं, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. एक भारा तिनं बाजूला काढून ठेवला. मला तो बाकीच्यांसारखाच दिसत होता. तिनं माझा हात धरून त्याच्या मधोमध घातला. आत कोमट होतं. रील काढताना मी जिथं उभी होते, तिथलाच तो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवर उतरल्यावर तो भारा सोडून पुन्हा पसरायचं काम माझ्याकडे आलं.